राग राष्ट्राध्यक्षावर, पण देश कुणाचा? अमेरिकेतल्या भांडणाचा गावाकडून घेतलेला अदमास

अमेरिकेत कोण राष्ट्राध्यक्ष आहे, याच्याशी आपल्याकडच्या कापूसवाल्याला काय देणंघेणं, असं वर्षभरापूर्वी कुणीही म्हटलं असतं. आज तसं म्हणता येत नाही. ७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के, असं एकूण ५० टक्के आयात शुल्क डोनाल्ड ट्रम्प यांनी लावलं. कापड गिरण्या अडचणीत येऊ नयेत म्हणून केंद्र सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के शुल्क आधी सप्टेंबरअखेर आणि नंतर ३१ डिसेंबरपर्यंत माफ केलं. म्हणजे ऐन वेचणीच्या दिवसांत परदेशी रुईला दार उघडं. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव कागदावर असताना व्यापाऱ्याच्या काट्यावर काय चाललं होतं, ते वेगळं सांगायला नको. सप्टेंबरमध्ये नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जासाठी एक लाख डॉलर, म्हणजे साधारण ८८ लाख रुपये, फी जाहीर झाली. ज्या घरातली पोरं पुण्यातल्या कंपनीतून तिकडं जायच्या तयारीत होती, त्या घरांची झोप उडाली.

त्यामुळे चावडीवर, कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर आणि एसटी स्टँडवर आता एक प्रश्न हमखास निघतो. अख्खी अमेरिका या माणसाच्या मागं उभी आहे का? उत्तर सरळ आहे. नाही. निम्मी अमेरिका त्यांच्या मागं आहे आणि निम्मी त्यांच्या नावानं बोटं मोडते. पण खरी मेख त्याच्या पुढं आहे. बोटं मोडणाऱ्यांना समर्थक म्हणतात, "तुम्ही देशद्रोही." आणि बोटं मोडणारे म्हणतात, "देशावर प्रेम आहे म्हणूनच आम्ही विरोध करतो." दोघंही एकाच झेंड्याला सलाम करतात. मग खरं कोण? हा वाद काही ट्रम्प यांच्यापासून सुरू झालेला नाही आणि त्यांच्याबरोबर संपणारही नाही. म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे.

एकाच माणसाच्या अंगावर दोन टोप्या

आपल्याकडं राष्ट्रपती वेगळे आणि पंतप्रधान वेगळे. पंतप्रधानांवर कितीही टीका झाली तरी राष्ट्रपती भवनावरचा तिरंगा त्या भांडणाच्या बाहेर राहतो. इंग्लंडमध्ये राजा आणि पंतप्रधान वेगळे. अमेरिकेत मात्र तसं नाही. तिथं राष्ट्राध्यक्ष हाच सरकार चालवणारा आणि तोच देशाचं तोंड. तोच पक्षाचा पुढारी, तोच सैन्याचा सरसेनापती. शहीद जवानाच्या शवपेटीला सलामी देणारा तोच आणि दुसऱ्या दिवशी प्रचारसभेत विरोधकांची टर उडवणाराही तोच.

एका माणसाच्या डोक्यावर दोन टोप्या असल्या की लोकांचा घोळ होतो. पुढाऱ्याच्या टोपीवर मारलेला दगड देशाच्या टोपीला लागतो, असं समर्थकांना वाटतं. आणि देशाच्या टोपीला केलेला नमस्कार पुढाऱ्याला पोचेल, या भीतीनं विरोधक नमस्कारच करत नाहीत.

ज्यांनी ती व्यवस्था घडवली त्यांना हा धोका दिसत होता. म्हणून अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष शपथ घेतो ती राज्यघटना जपण्याची. फौजेतला अधिकारी शपथ घेतो तीही राज्यघटनेची, राष्ट्राध्यक्षाच्या नावाची नव्हे. शाळेतली पोरं जी प्रतिज्ञा म्हणतात ती झेंड्याशी आणि त्यामागच्या प्रजासत्ताकाशी निष्ठेची आहे. तिच्यात कुठल्याही माणसाचं नाव नाही. कागदावर हिशोब स्वच्छ आहे. गडबड होते ती माणसांच्या मनात.

द्वेषाचा हिशोब दोन्ही बाजूंचा

हा द्वेष एकाच पक्षाची मक्तेदारी आहे असं कुणी समजू नये. दोन्ही बाजूंचं माप काढलं तर तराजू बराच हलतो.

२००९ च्या जानेवारीत बराक ओबामा यांनी पदाची शपथ घेण्याआधीच रश लिंबॉ या रेडिओवरच्या गाजलेल्या उजव्या निवेदकाने, हा माणूस अपयशी ठरो, अशी इच्छा जाहीर बोलून दाखवली. त्या वेळी अमेरिका मोठ्या मंदीत होती, लाखो लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला ओबामा संसदेत आरोग्य विम्यावर बोलत असताना जो विल्सन या रिपब्लिकन सदस्याने भर सभागृहात "तुम्ही खोटं बोलताय" असं ओरडून सांगितलं. २०१० मध्ये सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल म्हणाले की, ओबामा एकाच मुदतीत घरी गेले पाहिजेत, हेच आपलं सगळ्यात महत्त्वाचं उद्दिष्ट. त्याच्या जोडीला ओबामांचा जन्म अमेरिकेत झालाच नाही ही आवई. १९६१ साली हवाईतल्या होनोलुलूला जन्मलेल्या माणसाला एप्रिल २०११ मध्ये जन्माचा पूर्ण दाखला जगापुढं ठेवावा लागला. ही आवई उठवत ठेवणाऱ्यांत ट्रम्प पुढं होते. ओबामा इथंच जन्मले, हे त्यांनी मान्य केलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये.

आता दुसरी बाजू. २०१६ ला ट्रम्प निवडून आले त्याच आठवड्यात शहराशहरांत "हा माझा राष्ट्राध्यक्ष नाही" अशा पाट्या घेऊन लोक रस्त्यावर उतरले. शपथविधीला साठहून जास्त डेमोक्रॅट खासदार गेलेच नाहीत. ४ फेब्रुवारी २०२० ला ट्रम्प यांचं भाषण संपताच सभापती नॅन्सी पेलोसी यांनी त्या भाषणाची प्रत कॅमेऱ्यांसमोर टराटरा फाडली. पुढं बायडन आले, तर त्यांच्या नावाच्या शिव्या खेळाच्या मैदानांवर हजारो तोंडांनी एकसुरात निघायला लागल्या.

शिवीगाळीवर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. १३ जुलै २०२४ ला पेनसिल्व्हेनियातल्या बटलर इथं प्रचारसभेत ट्रम्प यांच्यावर गोळी झाडली गेली, ती कानाला चाटून गेली. सभेला आलेला एक माणूस मात्र जिवानिशी गेला. १४ जून २०२५ ला मिनेसोटातल्या डेमोक्रॅट आमदार मेलिसा हॉर्टमन आणि त्यांच्या पतीला घरात घुसून मारण्यात आलं. १० सप्टेंबरला युटामध्ये ट्रम्पसमर्थक तरुण नेते चार्ली कर्क यांना भाषण करताना गोळी घातली. द्वेषाचं तण वेळेत खुरपलं नाही की ते पिकाच्या डोक्यावर जातं, ते असं.

आकडे काय सांगतात?

गॅलप ही जुनी सर्वेक्षण संस्था दरवर्षी अमेरिकनांना विचारते, अमेरिकन असल्याचा तुम्हाला किती अभिमान वाटतो? २००१ च्या सुरुवातीला ८७ टक्के लोक म्हणाले होते, खूप किंवा अतिशय. जून २०२५ मध्ये हा आकडा ५८ टक्क्यांवर आला. आजवरचा तो सगळ्यात कमी. पक्षवार फोड केली तर रिपब्लिकन ९२ टक्के आणि डेमोक्रॅट फक्त ३६ टक्के. एक वर्ष आधी, बायडन पदावर असताना, हेच डेमोक्रॅट ६२ टक्के होते. एका वर्षात देश तोच, नद्या त्याच, डोंगर तेच, राज्यघटनाही तीच. बदलला तो खुर्चीतला माणूस.

हे आकडे पाहून ट्रम्पसमर्थक म्हणतात, बघा, यांचं देशावर प्रेमच नाही. हा निष्कर्ष घाईचा आहे. प्रश्न अभिमानाचा होता, प्रेमाचा नव्हता. घरातलं पोरगं दारू पिऊन रस्त्यावर गोंधळ घालून आलं तर त्या दिवशी आईबापाला त्याचा अभिमान वाटत नाही. मान खाली जाते. पण म्हणून माया आटत नाही, उलट जीव जास्त तुटतो. अभिमान कमी झाला म्हणजे प्रेम कमी झालं असं नाही.

तरीही डेमोक्रॅटांना एक गोष्ट टाळता येणार नाही. देशाबद्दलची भावना एका निवडणुकीनं वर्षभरात २६ अंकांनी घसरत असेल, तर त्या भावनेचा खुंटा कुठं रोवलाय, देशात की व्हाइट हाऊसच्या दारात, हे तपासायला हवं. आणि रिपब्लिकनांनीही हा आकडा मिरवण्याआधी विचार करावा. देशाचा अभिमान आणि आपला माणूस गादीवर असल्याचा आनंद, यांत फरक असतो. सरपंचकी आपल्या घरात असताना गाव चांगलंच दिसतं.

टीका म्हणजे देशद्रोह नव्हे, हे सांगणारा माजी राष्ट्राध्यक्षच

अमेरिकेत हा वाद जुना आहे याचा सगळ्यात बोलका दाखला १९१८ चा. पहिलं महायुद्ध चालू होतं. राष्ट्राध्यक्ष होते डेमोक्रॅट वुड्रो विल्सन. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट रिपब्लिकन. दोघांतून विस्तव जात नव्हता. स्वयंसेवकांची पलटण घेऊन लढायला जाऊ द्या, ही रूझवेल्ट यांची मागणी विल्सन यांनी फेटाळली होती. युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्षावर टीका नको, अशी हवा तेव्हा देशभर होती. मे १९१८ मध्ये रूझवेल्ट यांनी कॅन्सस सिटीच्या वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्याचा सारांश असा की, राष्ट्राध्यक्षावर टीकाच करायची नाही असं म्हणणं हे देशभक्ती नसून लाचारी आहे. त्याच्याबद्दल खरं तेच बोललं पाहिजे, मग ते गोड असो की कडू. पण त्याच्याबद्दल खोटं बोलणं हेही तितकंच वाईट.

हे लिहिणाऱ्या माणसाचे चारही मुलगे तेव्हा त्याच विल्सन यांच्या फौजेत लढत होते. लेखानंतर दोन महिन्यांनी, १४ जुलै १९१८ ला, सगळ्यात धाकटा क्वेंटिन फ्रान्सच्या आभाळात विमान पाडलं जाऊन मारला गेला. वय २०. बाप राष्ट्राध्यक्षाचा कट्टर विरोधक आणि लेक देशासाठी मेलेला, एकाच घरात, एकाच उन्हाळ्यात. त्या घराला देशद्रोही म्हणायची कुणाची छाती आहे?

रूझवेल्ट विल्सन यांचा द्वेषच करत होते, हे लपवायचं कारण नाही. त्यांची भाषा अनेकदा तोल सोडायची. पण विल्सन यांची फजिती व्हावी म्हणून जर्मनी जिंकावा, असं त्यांच्या मनाला कधी शिवलं नाही.

हरलेल्यांनी काय केलं?

देशप्रेमाची खरी परीक्षा जिंकलेल्याची नसते, हरलेल्याची असते. जिंकलेल्याला देश प्यारा असायला काय जातं? अमेरिकेचा इतिहास या बाबतीत बऱ्यापैकी श्रीमंत आहे.

१८६० ला अब्राहम लिंकन यांच्याविरुद्ध स्टीफन डग्लस उभे होते. आयुष्यभराचे प्रतिस्पर्धी. डग्लस हरले. एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेकडच्या बंडखोरांनी फोर्ट समटर किल्ल्यावर तोफा डागल्या, तसे डग्लस थेट लिंकन यांना जाऊन भेटले, पाठिंबा दिला आणि आपल्या पक्षाच्या लोकांना सरकारमागं उभं करायला इलिनॉयमध्ये भाषणं करत हिंडले. ३ जून १८६१ ला त्यांचं निधन झालं.

१९४० ला फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडून वेंडेल विल्की हरले. जानेवारी १९४१ मध्ये, म्हणजे निकालानंतर तीनच महिन्यांच्या आत, ते हिटलरच्या बाँबगोळ्यांखाली असलेल्या लंडनला गेले. परत येऊन इंग्लंडला मदत द्यायच्या रूझवेल्ट यांच्या विधेयकाच्या बाजूनं त्यांनी संसदेच्या समितीपुढं साक्ष दिली. त्यांच्याच पक्षातले लोक चिडले. विल्की बधले नाहीत.

२००० ला अल गोर फ्लोरिडात ५३७ मतांनी मागं पडले. फेरमोजणी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशी थांबवली. देशभरात गोर यांना मतं जास्त होती, तरी त्यांनी दुसऱ्याच दिवशी पराभव मान्य केला. इतकंच नव्हे, ६ जानेवारी २००१ ला उपराष्ट्राध्यक्ष म्हणून मतमोजणीच्या सभेचं कामकाज चालवायची वेळ त्यांच्यावरच आली, तेव्हा स्वतःच्या बाजूनं उठलेल्या हरकती त्यांनी नियमावर बोट ठेवून फेटाळल्या.

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये मिनेसोटातल्या एका सभेत एका बाईंनी जॉन मॅकेन यांना सांगितलं की, ओबामांवर आपला भरोसा नाही, ते अरब आहेत. निवडणूक तोंडावर, मॅकेन मागं पडलेले, सभा त्यांच्याच माणसांची. गप्प बसले असते तरी चार मतं वाढली असती. त्यांनी बाईंच्या हातातला माईक घेतला आणि सांगितलं की, नाही, तो सभ्य, कुटुंबवत्सल माणूस आहे, या देशाचा नागरिक आहे, माझे त्याच्याशी मतभेद आहेत इतकंच. सभेतून नाराजीचे सूर निघाले. महिन्याभरात मॅकेन निवडणूक हरले.

या रांगेत २०२० चा निकाल बसत नाही. ट्रम्प यांनी पराभव मानला नाही. साठाहून जास्त दाव्यांत काही हाती लागलं नाही. २ जानेवारी २०२१ ला त्यांनी जॉर्जियाचे निवडणूक प्रमुख ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितली. रॅफेन्सपर्गर रिपब्लिकन, मत त्यांनी ट्रम्प यांनाच दिलेलं. तरी मतं शोधली नाहीत. मोजलेली आहेत तेवढीच आहेत, हीच त्यांची भूमिका राहिली. ६ जानेवारीला जमाव संसदेत घुसला. उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांच्यावर निकाल अडवण्यासाठी दबाव होता, त्यांनी तो झुगारला आणि रात्री उशिरा मोजणी पूर्ण झाली. त्या जमावाच्या हातातही अमेरिकेचेच झेंडे होते. म्हणजे झेंडा हातात आहे एवढ्यावरून देशप्रेम ठरत नाही. पेन्स आणि रॅफेन्सपर्गर यांना आपल्याच माणसांनी गद्दार म्हटलं. पण त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष एका बाजूला आणि राज्यघटना दुसऱ्या बाजूला होती आणि त्यांनी बाजू निवडली.

असंच १९७४ मध्ये झालं होतं. रिचर्ड निक्सन दोनच वर्षांपूर्वी ५० पैकी ४९ राज्यं जिंकून आलेले. वॉटरगेटमध्ये अडकल्यावर ७ ऑगस्टला बॅरी गोल्डवॉटर यांच्यासह तीन ज्येष्ठ रिपब्लिकन नेते व्हाइट हाऊसमध्ये गेले. महाभियोगात तुम्हाला वाचवायला पुरेशी मतं नाहीत, हे त्यांनी आपल्याच राष्ट्राध्यक्षाला तोंडावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला.

एक मराठी नाव

या भांडणात एक नाव आपल्या भाषेतलंही आहे. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार आज मिशिगन राज्यातून डेमोक्रॅट खासदार आहेत. 'ही श्रींची इच्छा' हे त्यांचं मराठी आत्मचरित्र अनेक घरांत आहे. २८ एप्रिल २०२५ ला त्यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाची सात कलमं मांडली. पण त्यांच्याच पक्षाचे पुढारी सोबत आले नाहीत आणि मेमध्ये मतदानाचा आग्रह त्यांनी सोडला. पुढं २४ जूनला दुसऱ्या एका डेमोक्रॅट खासदाराचा महाभियोगाचा ठराव ३४४ विरुद्ध ७९ मतांनी बाजूला सारला गेला. म्हणजे सव्वाशेहून जास्त डेमोक्रॅटांनीही त्याला साथ दिली नाही.

यात शिकण्यासारखं आहे. महाभियोग हे घटनेनं दिलेलं हत्यार आहे, ते उचलणं म्हणजे देशद्रोह नाही. पण हत्यार कधी उचलायचं, पुरावा किती पक्का हवा, याचा विचार पक्षातल्याच लोकांनी केला. राग आणि कारवाई यांच्यामध्ये थोडं थांबणं, हेही देशाच्याच हिताचं असतं.

सोयाबीनचं रान आणि दोन प्रकारची भुरळ

या सगळ्यात भरडला जातो तो शेतकरी, तिकडचाही. आयोवा, इलिनॉय, मिनेसोटा ही सोयाबीनची राज्यं. अमेरिकेच्या सोयाबीन निर्यातीतला जवळपास निम्मा माल चीनला जायचा. ट्रम्प यांनी चीनवर शुल्क लावलं, चीननं उलट शुल्क लावलं आणि खरेदी थांबवली. सप्टेंबर २०२५ मध्ये चीननं अमेरिकेचा एक दाणा उतरवून घेतला नाही. ब्राझीलची चांदी झाली. ३० ऑक्टोबरला ट्रम्प आणि शी जिनपिंग यांची भेट झाली, चीननं वर्षाअखेरपर्यंत १ कोटी २० लाख टन घ्यायचं कबूल केलं. तोवर कापणी उरकत आली होती. ८ डिसेंबरला शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली.

या शेतकऱ्यांपैकी बहुतेकांनी ट्रम्प यांनाच मत दिलेलं. त्यांच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही विचार करायला लावणाऱ्या आहेत. एक, विरोधी गोटातल्या अनेकांनी समाजमाध्यमांवर "तुम्हीच निवडलंत, आता भोगा" असं म्हणत टाळ्या पिटल्या. आपल्याच देशातल्या माणसाचा माल गोदामात पडून आहे आणि त्यात आपला विजय दिसतो, हे विरोधाचं नव्हे, द्वेषाचं लक्षण आहे. दोन, बऱ्याच शेतकऱ्यांनी तोटा सोसूनही शब्द काढला नाही, कारण आपल्या माणसाला नावं ठेवली तर विरोधकांचं फावेल. ही दुसऱ्या प्रकारची भुरळ. एकाला राष्ट्राध्यक्षाचा द्वेष आंधळा करतो, दुसऱ्याला त्याची भक्ती. दोघांच्याही नजरेतून देश निसटतो.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला अवघड नाही. २०१७ मध्ये थेट सरपंच निवड आली, मध्ये बंद झाली, २०२२ ला परत आली. सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनेलचं, असं अनेक गावांत झालं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि संसद यांचं तेच होतं. तिथं तर १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबर २०२५ पर्यंत ४३ दिवस खर्चाच्या मंजुरीवरून सरकारी कामकाज ठप्प होतं, तोवरच्या इतिहासातलं सगळ्यात लांब. विमानतळावरचे कर्मचारी बिनपगारी राबले. गावात सरपंचाला धडा शिकवायचा म्हणून पाण्याच्या टाकीचा ठराव अडवला की सरपंच टँकर विकत घेऊ शकतो. हंडा घेऊन उभी राहते ती गल्लीतली म्हातारी. आणि सरपंच आपला आहे म्हणून टाकीच्या कामातल्या सिमेंटचा हिशोब विचारला नाही, तर टाकी गळते तेव्हाही हंडा तिच्याच डोक्यावर येतो.

ओळखायचं कसं?

मग द्वेष कोणता आणि देशप्रेम कोणतं, हे ओळखायचं कसं? इतक्या दाखल्यांतून तीन खुणा हाती लागतात.

पहिली खूण मापाची. तेच कृत्य आपल्या माणसानं केलं असतं तर आपण काय म्हटलं असतं? ओबामांनी संसदेला डावलून हुकूम काढले तेव्हा हुकूमशाही, असं रिपब्लिकन म्हणत होते. ट्रम्प यांनी पहिल्याच दिवशी हुकमांचा ढीग सह्या करून काढला तेव्हा तेच लोक टाळ्या वाजवत होते. डेमोक्रॅटांचं नेमकं उलटं. खुर्चीतला माणूस बदलला की माप बदलत असेल, तर ते माप देशाचं नाही, पक्षाचं आहे.

दुसरी खूण इच्छेची. राष्ट्राध्यक्ष चुकतोय असं वाटणं वेगळं आणि त्याची नाचक्की व्हावी म्हणून देशाचं नुकसान व्हावं असं वाटणं वेगळं. जानेवारी १९९३ मध्ये बिल क्लिंटन यांच्याकडून हरलेले थोरले जॉर्ज बुश यांनी व्हाइट हाऊस सोडताना टेबलावर त्यांच्यासाठी हातानं लिहिलेली चिठ्ठी ठेवली. तुमचं यश हेच आता देशाचं यश, आणि आपल्या मनापासून शुभेच्छा, असा तिचा आशय होता. चिठ्ठी लिहून बुश काही डेमोक्रॅट झाले नाहीत.

तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची. माणूस वाचवायचा की नियम? निकाल, न्यायालय, राज्यघटना या गोष्टी माणसापेक्षा मोठ्या मानणारा माणूस कुठल्याही पक्षात असो, तो देशाच्या बाजूनं आहे. ज्याला या गोष्टी आपल्या सोयीपुरत्या हव्यात, त्याच्या हातात झेंडा कितीही उंच असो, उपयोग नाही.

पुढचं वर्ष

२०२५ मध्ये १४ जून आणि १८ ऑक्टोबरला अमेरिकेत "आम्हाला राजा नको" म्हणत गावोगावी मोर्चे निघाले. लाखो लोक होते, अनेकांच्या हातात देशाचाच झेंडा. सरकारसमर्थक काही नेत्यांनी या मोर्चांना अमेरिकाद्वेष्ट्यांचा मेळावा म्हटलं. १७७६ मध्ये याच देशाचा जन्म एका राजाला नको म्हणण्यातून झाला होता, हे ते विसरले. पण मोर्चेकऱ्यांनीही हे विसरू नये की हा राष्ट्राध्यक्ष मतपेटीतून आलेला आहे आणि त्याला मत देणारे कोट्यवधी लोकही त्याच देशाचे आहेत.

४ जुलै २०२६ ला अमेरिका २५० वर्षांची होईल. त्यानंतर चारच महिन्यांनी, ३ नोव्हेंबरला, संसदेच्या मध्यावधी निवडणुका आहेत. सोहळ्याच्या मंडपात एकीकडं राष्ट्राध्यक्षाचे भक्त आणि दुसरीकडं द्वेष्टे असं बसायचं, की दोघांनी मिळून जन्मदिवस देशाचा आहे हे लक्षात ठेवायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं आहे. नोव्हेंबरात हरेल तो निकाल कसा घेतो, तिथं खरा कस लागेल.

आपल्याकडच्या कापूसवाल्याच्या हातात तिथलं मत नाही. पण तिथल्या भांडणाची झळ त्याच्या काट्यापर्यंत येते, हे यंदा दिसलं. तिकडचा शेतकरी आणि इकडचा शेतकरी दोघंही यंदा एकाच माणसाच्या सहीची वाट बघत बसले. म्हणून ज्या देशात एका सहीत एवढी ताकद आहे, तिथल्या लोकांनी त्या सहीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणं आणि ते ठेवताना डोळे द्वेषानं किंवा भक्तीनं लाल होऊ न देणं, यात त्यांचंही भलं आहे आणि इकडच्या रानाचंही.